तळहातावरचा संगणक

मोठ्या यंत्राचा माणसाला धाक वाटतो. लहान यंत्राशी मात्र त्याची चटकन मैत्री जमते. इंग्लंडमधील रास्पबेरी पाय फाउंडेशनचा 'रास्पबेरी पाय' हा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला, तेव्हा हाच अनुभव आला. लांबी सुमारे ८५ मिलिमीटर, रुंदी ५६ मिलिमीटर आणि किंमत ३५ डॉलर! ना पेटी, ना झाकण; एका हिरव्या पट्टीवर सारा संसार मांडलेला. मुलांनी संगणक निर्भयपणे हाताळावा, यासाठीच तो घडविला गेला.

परंतु यंत्र कितीही कुशल असले, तरी कार्यप्रणालीवाचून ते मुकेच. कोणत्या कामास किती वेळ द्यावयाचा, माहिती कोठे ठेवावयाची, हा कारभार कार्यप्रणाली पाहते. या छोट्या संगणकावर बहुतेक जण लिनक्स चालवितात. काही थोडे मात्र आडवाट धरतात आणि नेटबीएसडी ही प्रणाली निवडतात.

तिचे कूळ मोठे आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कली येथे, तिला नवे धुमारे फुटले. त्यांतूनच १९९३ साली नेटबीएसडी जन्मास आली. रास्पबेरी पाय तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. मग ती त्यावर नांदते कशी?

याचे मर्म तिच्या रचनेत आहे. यंत्रागणिक बदलणारा भाग वेगळा आणि सर्व यंत्रांना समान असलेला भाग वेगळा, अशी तिची काटेकोर वाटणी आहे. नवे यंत्र आले, की पहिलाच भाग प्रामुख्याने नव्याने लिहावा लागतो. चूल बदलली, तरी स्वयंपाक तोच!

मेमरी कार्डावर प्रणाली उतरवावयाची, कार्ड खाचेत बसवावयाचे आणि वीज जोडावयाची. कधी पडदा काळाच राहतो. अशा वेळी तीन तारांनी दुसरा संगणक जोडला, की हे चिमुकले यंत्र ओळीओळीने आपली हकिकत सांगू लागते: स्मृती इतकी, कार्ड सापडले, घड्याळ सुरू झाले. जेथे ओळ थांबते, तेथेच बहुधा अडचण दडलेली असते. मग प्रणालीची मूळ संहिता उघडून वाचता येते. ती सर्वांना खुली आहे. एक दार मात्र बंद असते. वीज येताच या यंत्रात प्रथम जागा होतो तो चित्रे रेखाटणारा भाग, आणि त्याला जागविणारी आज्ञावली निर्मात्यांकडून तयारच मिळते. तिची संहिता वाचावयास मिळत नाही. तेथे जिज्ञासूला उंबरठ्यावरच थांबावे लागते, आणि खुल्या दारांचे मोल त्याला तेथेच कळते.

सोपी वाट असताना हा खटाटोप कशासाठी? तयार वस्तू वापरणाऱ्याला ती काय करते एवढेच कळते. उघडून पाहणाऱ्याला ती तसे का करते, हेही उमगते. ज्याने काळ्या पडद्याशी झुंजून पहिली ओळ उमटविली, त्याला पुढे मोठ्या यंत्राचाही धाक उरत नाही.