वेलांटीचा क्रम

संगणकाच्या जुन्या-नव्या कार्यप्रणालींची तुलना निघाली की वेग, स्मृती आणि रंगरूप यांचीच चर्चा होते. आम्हां भाषेच्या माणसांना मात्र विंडोज ९८ आणि विंडोज २००० यांच्यामधली सीमारेषा एका वेलांटीत दिसते.

विंडोज ९८ वर मराठी लिहिणे म्हणजे वस्तुतः रोमन अक्षरे टंकणे होते. फाँट त्यांना देवनागरीचा वेष चढवी. फाँट बदलला की वेष उतरे आणि पडद्यावर निरर्थक रोमन खुणा उरत. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, म्हणून ती टंकायचीही आधी. एका बोलीतील शब्दांची आमची यादी अकारविल्हे लावू गेल्यास ‘किती’, ‘तिखट’, ‘शिंपी’ एकाच ठिकाणी गोळा होत, कारण यंत्राच्या लेखी तिन्ही वेलांटीपासून सुरू होत. ‘त’ आणि ‘त्या’मधला अर्धा त यांचा तर परस्परांशी परिचयच नसे.

युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान होते. विंडोजने तिला घरात घेतले ते २००० साली, मंगल या फाँटसह. (एक्सपीतही त्यासाठी निराळ्या चौकटीत खूण करावी लागे. त्या चौकटीत आपल्या शेजारी अरबी आणि थाई होत्या. शेजार वाईट नव्हता.) आता ‘कि’ लिहिताना आधी क नोंदला जातो, मग वेलांटी; तिला डावीकडे नेऊन बसवण्याचे काम यंत्राचे. उच्चाराचा क्रम साठवला जातो, दिसण्याचा नव्हे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला भेदही संकेतांतच उतरला: एकात र, दुसऱ्यात ऱ. व्याकरण शिकवणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

देखणेपणात मात्र जुने फाँट सरस होते. मंगलची अक्षरे आम्हांला आजही रुक्ष वाटतात.

आमच्या यादीचा फाँट आता मिळत नाही. त्याच्या जवळच्या दुसऱ्या फाँटाचा तक्ता धरून आम्ही ती युनिकोडमध्ये आणली. बहुतेक शब्द सुखरूप आले. परंतु काही असे उरले आहेत, की ते मुळात बोलीतलेच तसे आहेत की रूपांतरात मोडले, हे ठरवता येत नाही. आणि ज्या आजींनी ते सांगितले होते, त्या आता हयात नाहीत. त्या शब्दांपुढे तूर्त प्रश्नचिन्ह घालून ठेवले आहे.