टिमथी नावाची कासवी

घरात पाळायला सगळ्यात सोपा सरपटणारा प्राणी कोणता, असं विचारलं की बहुतेकांचं बोट कासवाकडे जातं. कासव भुंकत नाही, केस गाळत नाही, त्याला फिरायला न्यावं लागत नाही आणि घरची मंडळी चार दिवस गावाला गेली तरी ते कुरकुरत नाही. हे उत्तर कितपत खरं, हे तपासायला ज्याचं आयुष्य तारीखवार लिहून ठेवलेलं आहे असं एक कासव उपलब्ध आहे. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात रिंगमर गावी रिबेका स्नूक नावाच्या बाई राहत. त्यांच्या यजमानांनी 1740 च्या सुमारास चिचेस्टरमध्ये एका खलाशाकडून अर्ध्या क्राउनला हे कासव घेतलं, असं सांगतात. जात भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशातली, वजन पुढे सुमारे तीन किलो, नाव टिमथी. 1780 च्या मार्चमध्ये बाई वारल्या आणि कासव त्यांच्या भाच्याकडे आलं. हा भाचा म्हणजे गिल्बर्ट व्हाइट, सेलबर्नचे पाद्री आणि आपल्या गावाच्या निसर्गाचा इतिहास लिहून 1789 मध्ये प्रसिद्ध करणारे निरीक्षक. व्हाइट 1793 मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी टिमथीही गेली. ‘गेली’ हे क्रियापद व्हाइटना चमत्कारिक वाटलं असतं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जपलेलं ते कवच मादीचं आहे, हे दोघांच्याही मागे कळलं. दोन घरांत मिळून पन्नासहून अधिक वर्षं काढलेल्या, त्यातली शेवटची चौदा एका निष्णात निरीक्षकाच्या बागेत घालवलेल्या प्राण्याचं लिंगही कुणाला ठाऊक नव्हतं. प्राणी सोपा असणं आणि तो आपल्याला न कळणं, यांत आपण नेहमी गल्लत करतो. कुटुंबाने पहिला सरपटणारा प्राणी निवडताना कमीत कमी मागणारा शोधू नये. ज्याचं मागणं आपल्याला वेळेत ओळखता येईल असा शोधावा. टिमथीचं चरित्र याचीच साक्ष देतं.

व्हाइटच्या नोंदींतून तिचं वर्ष असं दिसतं. नोव्हेंबरच्या मध्याला ती जमिनीखाली जाई आणि एप्रिलच्या मध्याला वर येई. बीळ खणताना पुढच्या पायांनी माती उकरायची, मागच्या पायांनी मागे सारायची, आणि हे सगळं इतक्या सावकाश, की हालचाल दिसू नये. वर आल्यावर काही दिवस तिला अन्नाची फारशी वासना नसे, भर उन्हाळ्यात ती खादाड होई आणि शरद ऋतूच्या शेवटच्या सहा आठवड्यांत जवळजवळ उपाशी राही. लेट्यूस, डँडेलियन अशा चिकाच्या वनस्पती तिच्या विशेष आवडीच्या. गाडीचं चाक वरून गेलं तरी फुटू नये असं कवच पाठीवर असून पावसाचे चार थेंब पडले की ती कोपऱ्यात डोकं खुपसून बसे. कडक उन्हात ती पानांच्या सावलीत शिरे. ऊन मवाळ झालं की फळझाडं टेकवलेल्या भिंतीपाशी येई आणि कवच भिंतीला तिरकं टेकवून मावळतीकडे झुकलेल्या ऋतूची ऊब जास्तीत जास्त अंगावर घेई. भूमिती न शिकलेल्या प्राण्याने उताराचा हा हिशेब कसा साधला, याचं व्हाइटना कौतुक वाटे. आज त्या कौतुकामागचं कारण आपल्याला माहीत आहे. सरपटणाऱ्या प्राण्याचं शरीर स्वतःची ऊब स्वतः तयार करत नाही. पचन, वाढ, रोगाशी झुंज हे सारं बाहेरून घेतलेल्या उष्णतेवर चालतं. म्हणून त्याला एक ठरावीक तापमान पुरत नाही. ऊन आणि सावली यांतून निवडण्याची सोय लागते. ती सोय रिंगमरचं अंगण आणि सेलबर्नची बाग फुकट देत होती. कॅल्शियम शोषायला लागणारे सूर्याचे अतिनील किरणही तिथे काच मध्ये न येता मिळत होते. प्लॅस्टिकच्या टबात, खिडकीच्या काचेमागे ठेवलेल्या कासवाला यातलं काहीच मिळत नाही. बागेत जे आपोआप होत होतं ते घरात दिवे, थर्मामीटर आणि वेळापत्रक लावून उभं करावं लागतं. ‘सोप्या’ कासवाचा खर्च इथे सुरू होतो.

व्हाइटसारख्या माणसाचंही कुठे चुकलं ते पाहण्यासारखं आहे. मे-जूनमध्ये टिमथी पहाटे पाचला उठून ताठ पायांवर बागभर फिरे, कुंपणाची फट न् फट तपासे आणि संधी मिळाली की पळून दूरच्या शेतात जाई. व्हाइटनी याचा अर्थ लावला तो प्रणयातुर नराची तगमग असा. कर्ण्यातून मोठ्याने हाका मारूनही ती दखल घेत नाही असं त्यांनी नोंदवलं. पोहता येतं का पाहायला तिला पाण्याच्या टबात सोडलं, तर ती हळूहळू तळाला जाऊन घाबरून चालू लागली. आयुष्याची दोन-तृतीयांश वर्षं गुंगीत घालवणाऱ्या या जिवाला विधात्याने इतकं दीर्घायुष्य का बहाल करावं, असाही प्रश्न त्यांना पडला. थोडक्यात, तिच्या मनाविषयी व्हाइटनी बांधलेले अंदाज बरेचसे डळमळीत. पण त्यांनी तिचं वजन केलं, ती कधी जमिनीखाली गेली आणि कधी वर आली ते टिपलं, काय खाल्लं आणि कधी खाणं सोडलं ते लिहिलं. यातलं काही आज खोटं ठरत नाही. आपल्या संतांनी मायेची उपमा म्हणून कासवीची दृष्टी वापरली. ती पिलांना नुसत्या नजरेने वाढवते, अशी समजूत त्यामागे आहे. खरी कासवी अंडी पुरून निघून जाते. नजर पाळणाऱ्याला लागते, आणि ती मायेची असून भागत नाही, मोजमापाचीही असावी लागते. एखादा प्राणी ‘कळतो’ म्हणजे त्याच्या भावना कळतात असं नाही. त्याचं वजन, त्याची विष्ठा, त्याची भूक आणि त्याची कात यांवरून त्याची प्रकृती वाचता येते, एवढाच त्याचा अर्थ.

यावर आक्षेप येईल की दिवे नाहीत, डॉक्टर नाही, तरी टिमथी अर्धशतक जगलीच ना? मग कासव कठीण कसं? पण आपण टिमथीचं चरित्र वाचतो ते ती जगली म्हणून. विसाव्या शतकात मोरोक्को, ग्रीस, तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया इथून ब्रिटनमध्ये तिच्या जातभाईंची बोटी भरभरून आयात झाली. मुलांसाठी स्वस्त आणि बिनत्रासाचा प्राणी म्हणून ती विकली गेली आणि त्यातली फार मोठी संख्या पहिल्या एक-दोन हिवाळ्यांतच मेली. हा व्यापार 1984 मध्ये बंद झाला. त्या मेलेल्यांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत. तगून राहिलेल्यांविषयीचं अज्ञानही तेवढंच जुनं आहे. क्रिमियन युद्धात ‘क्वीन’ या ब्रिटिश युद्धनौकेवर असलेलं आणि पुढे पावडरहॅम कॅसलच्या बागेत 2004 पर्यंत जगलेलं दुसरं टिमथी हेही मादीच निघालं. बीबीसीच्या ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमातलं फ्रेड नावाचं कासवही मादी आहे हे कळल्यावर त्याची फ्रेडा झाली. नर-मादी ओळखणं ही अगदी वरवरची माहिती. तीच हुकत असेल, तर कवचाखाली हाडं मऊ पडत चालल्याचं किंवा फुप्फुसाला संसर्ग झाल्याचं घरच्यांना वेळेत कळेल, हा भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा? कासव महिनोन् महिने चुकीची निगा सोसतं. आजार डोळ्यांना दिसू लागतो तेव्हा अनेकदा उशीर झालेला असतो. ही सोशिकता आपण सोपेपणाच्या खात्यात जमा करतो.

दुसरा आक्षेप पालकांचा. मुलाला जबाबदारी शिकवायची तर सुरुवात चुका पोटात घालणाऱ्या प्राण्यापासून करावी, असं त्यांना वाटतं. उलट व्हायला हवं. कुत्र्याचं पाणी विसरलं तर तासाभरात तो वाडगा वाजवतो. चूक आणि परिणाम यांतलं अंतर लहान असतं म्हणून मूल शिकतं. कासवाच्या बाबतीत हे अंतर महिन्यांचं, कधी वर्षांचं असतं, आणि मूल शिकतं ते एवढंच, की दुर्लक्ष केलं तरी चालतं. शिवाय दहा वर्षांच्या मुलासाठी आणलेलं कासव ते मूल पन्नाशीला आलं तरी असू शकतं. टिमथी आत्याकडून भाच्याकडे गेली आणि भाच्याच्याही मागे उरली, तेव्हा कासव घेणं म्हणजे कुणाच्या तरी मृत्युपत्रात एक ओळ वाढवणं आहे. आरोग्याचाही प्रश्न आहे. या प्राण्यांच्या आतड्यांत साल्मोनेला जिवाणू निरुपद्रवीपणे राहतात, पण लहान मुलांना ते गंभीर आजारी करू शकतात. चार इंचांहून लहान कवचाची कासवं विकायला अमेरिकेने 1975 मध्ये बंदी घातली ती मुलं ती तोंडात घालत म्हणूनच. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर कोणताच सरपटणारा प्राणी आणू नये, असा सल्ला आरोग्य यंत्रणा देतात.

मग जिथे कायद्याने मुभा आहे तिथे कुटुंबाने काय घ्यावं? मागणं वेळेत ओळखता यावं हाच निकष लावला तर लेपर्ड गेको ही पाल पुढे येते. तिची चरबी शेपटीत साठते. शेपूट गुबगुबीत तर प्रकृती ठीक, बारीक होऊ लागली तर काहीतरी बिघडलंय, हे दहा वर्षांच्या मुलालाही दिसतं. विष्ठा ती सहसा एकाच कोपऱ्यात टाकते, म्हणजे पोटाची खबर रोज मिळते. आयुष्य पंधरा-वीस वर्षांचं, लांबी वीत-सव्वा वीत. तिला कॅल्शियमची भुकटी लावलेले जिवंत किडे लागतात, हे मात्र आधी मान्य असायला हवं. कॉर्न स्नेकची कात अखंड निघाली तर ओलावा पुरेसा आणि तुकड्यातुकड्यांनी निघाली तर कमी, इतका त्याचा जबाब स्वच्छ. पण फ्रीजरमध्ये मेलेले उंदीर ठेवायला सगळं घर राजी हवं. ऑस्ट्रेलियाचा बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा दिवसा जागा असतो, रागावला की गळ्याखालची दाढी काळी करून दाखवतो. तिघांत त्याची प्रकृती सर्वांत बोलकी, मात्र चाळीस अंशांच्या आसपास तापणारी जागा आणि अतिनील दिवा यांमुळे खर्चही सर्वांत जास्त. यातला कुणीच कमी कामाचा नाही, पण काम चुकलं तर तो सांगतो. घ्यायचाच असेल तर पाळीव पैदाशीतलाच घ्यावा, हे तिन्हींना लागू.

महाराष्ट्रातल्या कुटुंबापुढे हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. गाभाऱ्यासमोरच्या कासवाला नमस्कार करणाऱ्या आपल्या समाजात भरभराटीसाठी जिवंत स्टार कासव घरात ठेवण्याची हौस अजून आहे. ते पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि 2019 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वांत कडक निर्बंध आहेत. दुकानातल्या टाकीतली लाल कानपट्टीची पिटुकली कासवं मूळची अमेरिकेची. ती वाढून ताटाएवढी झाली की तलावात सोडली जातात आणि तिथल्या देशी कासवांचं अन्न आणि ऊन बळकावतात. सायटीस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले परदेशी प्राणी बाळगायचे तर आता सरकारदरबारी नोंद करावी लागते. या सगळ्यातून वाट काढायची घाई कशासाठी? व्हाइट 1770 च्या सुमारास आत्याच्या अंगणातलं कासव टिपू लागले आणि दहा वर्षांनी त्याचे मालक झाले. त्यांची उमेदवारी दुसऱ्याच्या प्राण्यावर झाली. आपल्याकडे ती उमेदवारी ट्यूबलाइटशेजारच्या पालीवर करता येते. ती केव्हा बाहेर पडते, किती किडे टिपते, थंडीत कुठे जाते, फटीत घातलेली दोन अंडी किती दिवसांनी फुटतात, हे एका कुटुंबाने वर्षभर वहीत लिहून पाहावं. वही दुसऱ्या महिन्यातच कोरी राहू लागली, तर त्या घराला प्राणी सोपा हवा की कठीण हा प्रश्नच उरत नाही. वही भरली, तर प्राणी कोणता घ्यावा हे त्या घराला दुकानदाराला विचारावं लागणार नाही.