आपल्याच नावेला भोक

कुठल्याही बोटीत पाणी येतंच. पावसाचं येतं, लाटेचं येतं, मासळीवरचा बर्फ वितळून येतं, पंख्याच्या दांड्याजवळून थेंब थेंब येतं. ते सगळं तळाशी साचतं. ते उपसणारा पंप म्हणजे बिल्ज पंप. पण पंपाने ओढलेलं पाणी बाहेर टाकायचं तर बोटीच्या धडधाकट अंगाला एक भोक पाडावं लागतं.

शेगावच्या मास्तराला ही उठाठेव कशाला, असं तुम्ही म्हणाल. आमच्याकडे समुद्र नाही, खारं पाणी तेवढं आहे, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. पण बीएड झाल्यावर माझी पहिली नोकरी हर्णैजवळच्या एका उर्दू शाळेत होती. तिथला माझा एक विद्यार्थी आज तांडेल आहे. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, आणि कोकणात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्यामुळे गेल्या जूनमध्ये मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याची फायबरची बोट आंजर्ले खाडीच्या काठावर ओढून ठेवलेली होती आणि तो नवं भोक पाडायच्या तयारीत होता.

जुनं भोक होतंच, पण चुकीच्या जागी. ज्या कारागिराने पाडलं त्याने रिकाम्या बोटीकडे बघून पाण्याच्या रेषेच्या जेमतेम चार बोटं वर पाडलं होतं. डिझेल, बर्फ, जाळी आणि मासळी भरली की बोट खाली बसते. मग तेच भोक पाण्याखाली जातं, आणि पंप थांबला की त्याच पाइपातून समुद्र उलटा आत येतो. एका रात्री नांगरावर असताना तसंच झालं. एका खलाशाच्या पायाला गार लागलं म्हणून सगळे जागे झाले. २५ मिलिमीटरचं उघडं भोक पाण्याखाली फक्त १० सेंटिमीटर असलं, तरी मिनिटाला सुमारे २५ लिटर पाणी आत येतं. तासाला दीड टन.

या वेळी त्याने घाई केली नाही. भरलेली बोट कुठवर बुडते, ती खूण बाहेरून शोधली आणि तिच्या बऱ्याच वर जागा धरली. आतून आधी बारीक ड्रिल मारलं, म्हणजे मागे वायर किंवा आडवी पट्टी आहे का ते कळतं. मग बाहेरून चिकटपट्टी लावून, फायबरचा टवका उडू नये म्हणून, हळूहळू गोल करवत चालवली. कापलेल्या कडेला इपॉक्सी पाजली. आतून जाड फळीचा आधार दिला, फिटिंगच्या कॉलरला सीलंट लावून ते भोकात बसवलं आणि आतून नट आवळला. नट फार आवळला तर सीलंट सगळं बाहेर येतं, कोरडं प्लास्टिक फायबरवर राहतं आणि तिथूनच गळती सुरू होते. "सर, आवळायला जोर नको, अंदाज लागतो," तो म्हणाला. शेवटी पाइपाला आतमध्ये उंच वळसा दिला आणि दोन क्लिपा लावल्या. एक तुटली तर दुसरी.

मी फळी धरून बसलो होतो, आणि मला आमच्या मोहल्ल्यातले एक बुजुर्ग आठवत होते. आपल्या मुली दहावीनंतर शाळा का सोडतात, यावर मी इथे लिहिलं होतं. जुम्म्याच्या नमाजनंतर ते म्हणाले, "मास्टर साहब, उर्दू में लिखो ना. मराठी में लिखके अपनीच कश्ती को छेद कायको करते?"

कश्तीला छेद करण्याच्या दोन गोष्टी आपल्याला लहानपणापासून माहीत आहेत. एक सूरह कहफमधली. हजरत मूसांच्या डोळ्यांदेखत त्यांचा सोबती गरिबांची नाव बिघडवतो. मूसा रागावतात. नंतर कळतं, पुढे एक राजा धडधाकट नावा जबरदस्तीने हिसकावून घेत होता. दुसरी गोष्ट बुखारी शरीफमधल्या हदीसची. जहाजाच्या खालच्या मजल्यावरच्या लोकांना पाण्यासाठी वर जावं लागतं, वरच्यांना त्रास होतो. ते म्हणतात, आपल्या वाट्याच्या जागेत भोक पाडू. नियत वाईट नाही. पण वरच्यांनी हात धरला नाही तर सगळेच बुडतात.

बुजुर्गांच्या मनात ही दुसरी गोष्ट असावी. त्यांची भीती खोटी आहे असं मला म्हणवत नाही. बातम्यांमध्ये रोज आपल्यावर काहीतरी लादलं जातं, बोट ओझ्याने खाली बसलेली असते. कालपर्यंत पाण्याच्या वर असलेलं भोक आज पाण्याखाली असू शकतं. आपल्या मुलींबद्दल काळजीने लिहिलेलं वाक्य उद्या कुणीतरी आपल्याच तोंडावर फेकू शकतं. म्हणून लिहिताना रिकाम्या बोटीवरून नाही, भरलेल्या बोटीवरून जागा ठरवावी लागते. शब्द तपासावे लागतात, आकडा खरा असावा लागतो, आणि वाक्य कुणाच्या हातात जाऊन उलटं वाहील का, हेही बघावं लागतं.

पण भोकच नको, असं म्हणून तळाचं पाणी कमी होत नाही. गेल्या वर्षी माझ्या वर्गातली सर्वांत हुशार मुलगी अकरावीत दिसली नाही. ते घरातल्या घरात, फक्त उर्दूत बोललो असतो, तर तिच्या बापाशी बोलायला कुणी गेलंच नसतं. मराठीत लिहिलं म्हणून शेजारच्या मराठी कॉलेजातल्या एका मॅडमनी फोन केला, वसतिगृहाची माहिती दिली, आणि आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. बाप अजून हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत, आणि या वेळी त्या बुजुर्गांनाही सोबत चला म्हणणार आहे.