शिनानो : मौनात बांधलेली नौका

युद्धनौकांविषयी वाचताना मी टनांच्या आणि तोफांच्या आकड्यांपाशी फारसा रेंगाळत नाही. नावापाशी मात्र थांबतो. ‘शिनानो’ हे जपानमधील समुद्रकिनारा नसलेल्या एका डोंगराळ प्रांताचे जुने नाव. प्रांतांची नावे देण्याचा प्रघात बॅटलशिपांचा होता, आणि मे १९४० मध्ये योकोसुका येथे या नौकेची बांधणी सुरू झाली ती ‘यामातो’ वर्गातील तिसरी बॅटलशिप म्हणूनच. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत जपानने चार विमानवाहू नौका गमावल्या, तेव्हा या अपुऱ्या सांगाड्याची विमानवाहू नौका करण्याचे ठरले.

बांधणी कमालीच्या गुप्ततेत झाली. गोदीभोवती उंच कुंपण उभारले गेले. १९ नोव्हेंबर १९४४ रोजी नौका नौदलात दाखल झाली. पण अनेक जलरोधक दारे बसायची होती, कप्प्यांची चाचणी व्हायची होती. कप्तान तोशिओ आबे यांनी मुदत मागितली. ती नाकारण्यात आली. २८ नोव्हेंबरला नौका कुरेकडे निघाली. दुसऱ्या दिवशी पहाटे ‘आर्चरफिश’ या अमेरिकी पाणबुडीचे चार टॉर्पेडो तिच्यावर आदळले. पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात शिरत गेले आणि दुपारपूर्वीच ती बुडाली. आबे यांच्यासह सुमारे १,४०० माणसे गेली. नौकेवर गोदीचे कामगारही होते.

पाणबुडीचे कमांडर जोसेफ एनराइट यांनी एवढी मोठी विमानवाहू नौका बुडवल्याचे कळवले, तेव्हा त्यांच्याच वरिष्ठांचा त्यावर विश्वास बसेना. अशी नौका त्यांच्या माहितीतच नव्हती. युद्ध संपल्यावर एनराइट यांचे म्हणणे खरे ठरले. इकडे बुडाल्याची वार्ता फुटू नये म्हणून जपानने वाचलेल्यांना जानेवारी १९४५ पर्यंत एका बेटावर अलग ठेवले होते.

साहित्य शिकताना आणि शिकवताना आपण अनुक्ताचे मोल मानतो. न बोललेल्यात अर्थ शोधतो. त्या सवयीमुळे मीही मौनाकडे नेहमी आदराने पाहत आलो. शिनानोचा इतिहास वाचल्यापासून मात्र तसा सरसकट आदर मला जमत नाही. आबे यांनी जे सांगायचे ते सांगितले होते, पण त्यांचे कोणी ऐकले नाही. उरलेले मौन हुकमाचे होते. त्यात वाचण्याजोगा गूढार्थ नाही. आहेत ती न बसवलेली दारे.