चाकांतील हवा

ज्या वस्तूवर आपला सारा भार असतो, तिच्याकडेच मनुष्य सहसा पाहत नाही. गेली बारा वर्षे आम्ही मोटार चालवीत आहो. तिच्या काचा पुसतो, शनिवारी तिला न्हाऊ घालतो. परंतु चाकांतील हवेविषयीचे आमचे सारे ज्ञान बुटाच्या टोकात साठविलेले होते. निघताना टायरला एक लाथ मारावयाची आणि ‘दगडासारखा आहे’ असा निकाल द्यावयाचा! उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवावी, हे शेजाऱ्यांचे मतही आम्ही शिरोधार्य मानले होते.

2023 च्या मे महिन्यात भाचीच्या लग्नासाठी आम्ही बेळगावाहून म्हापशास निघालो. गाडीत आम्ही उभयता, दोन मुले व सासूबाई. टपावर पेट्या आणि मागे कुंद्याचे डबे. “अहो, हवा पाहिलीत का?” असे सौभाग्यवतींनी विचारले. आम्ही लाथ मारली व निकाल दिला.

जांबोटी मागे पडली, कणकुंबी मागे पडली. चोर्ल्याचा घाट उतरताना एका वळणावर मागील डावे चाक बंदुकीच्या बारासारखे फुटले आणि गाडी दरीकडे ओढली गेली. ती थांबली तेव्हा कठडा दोन हातांवर होता. सासूबाईंच्या ओठांवर प्रार्थना होती. आमच्या ओठांवर शब्दही नव्हता. स्टेपनी काढली, तर तीही पिचलेली! तिच्या वाट्यास तर आमची लाथदेखील कधी आली नव्हती. मुलाबाळांना उन्हात सोडून, स्टेपनीसह एका ट्रकमधून साखळीस जावे लागले.

हवा भरून आणून ती चढविली आणि हळूहळू गाडी साखळीस आणली. तेथील पंक्चरवाल्या वृद्ध गृहस्थांनी उरलेली तीन चाके मापली. काटा 24 वर थांबला. हवे होते 33. “साहेब, चाके तापलेली असून ही गत, सकाळी थंड असताना याहूनही कमी असणार,” ते म्हणाले. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यास दबतात व पुन्हा उलगडतात. त्या घुसळणीने रबर आतून तापते. त्यात भार आणि ऊन यांची भर पडली की ते दगा देते. म्हणजे उन्हाळ्यासाठी म्हणून आम्ही जी काळजी घेतली, तीच आमच्या जिवावर उठली होती!

योग्य आकडा कोठे पाहावा, हेही त्यांनीच दाखविले. चालकाचे दार उघडले की खांबावर एक लहानशी चिठ्ठी चिकटविलेली असते. काही गाड्यांत ती पेट्रोलच्या झाकणाआड असते. पुढील व मागील चाकांचे आकडे तीवर निरनिराळे असू शकतात. गाडी भरलेली असता अधिक हवा सांगितलेली असते. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा मात्र कमाल मर्यादेचा होय. तितकी हवा भरू नये. हवा जास्त झाली तर टायर मधोमध झिजतो आणि रस्त्यावरील पकड सुटते.

वाचकहो, माप थंड चाकांचेच घ्यावे. गाडी निदान तीन तास उभी असावी. प्रवासात हवा तापून आकडा चारपाच पौंडांनी चढतो. तो पाहून हवा काढू नये, कारण थंड झाल्यावर ती कमी पडते. वॉल्व्हचे झाकण विसरू नये, आणि स्टेपनीस तर मुळीच विसरू नये.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, गाडी अंगणातून हलण्यापूर्वी, आम्ही हवामापक घेऊन बसतो. धाकटा आकडे वहीत लिहितो. परवा एका चाकाने 27 दाखविले. आम्ही सहज उठून त्यास लाथ मारून पाहिली. ते अगदी दगडासारखे लागले!