घाट ओळखणारी नजर

भोर आणि वेल्हे या पुणे जिल्ह्यातील डोंगरी भागांमधून रेल्वेचा एकही मार्ग जात नाही. तरीही भारतीय रेल्वेच्या इतिहासाची जुनी इंग्रजी पाने चाळताना भोरचे नाव वारंवार समोर येते. त्या पानांतला ‘भोर घाट’ म्हणजे पुण्याच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या भोर गावाजवळचा घाट नव्हे, तर कर्जत आणि लोणावळा यांच्यामधला, मराठीत बहुधा बोरघाट म्हणून ओळखला जाणारा चढ होय. भोरहून महाडकडे उतरतो तो वरंधा घाट, आणि वेल्ह्यातील केळदच्या माथ्यावरून कोकणात उतरतात त्या मढे आणि उपांड्या या पायवाटा; या वाटांवर रूळ कधीच पडले नाहीत. मात्र घाट उतरताना पुढच्या वळणाआड काय आहे हे आधीच जाणण्याची जी विद्या या भागातल्या वाटाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली, तीच विद्या बोरघाटातील इंजिनचालकाला वेगळ्या साधनांनी आत्मसात करावी लागते, आणि चालकाच्या जागेवरून दिसणारा रेल्वेप्रवास समजून घ्यायचा तर तो या विद्येच्या अंगाने पाहणे सर्वांत सयुक्तिक ठरते.

प्रवासी खिडकीतून पाहतो तेव्हा मुलूख आडवा सरकत जातो आणि दिसलेली वस्तू क्षणात मागे पडते. चालकाला मात्र प्रत्येक वस्तू आधी दुरून दिसते, मग जवळ येते आणि शेवटी इंजिनाखाली जाते. या समोरून दिसणाऱ्या दृश्याचे आकर्षण चित्रपटाइतकेच जुने आहे, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंजिनाच्या पुढच्या भागावर कॅमेरा बसवून घेतलेली लघुचित्रणे पाश्चात्य देशांत लोकप्रिय झाली होती, आणि २००९ मध्ये नॉर्वेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने बर्गन ते ऑस्लो हा सात तासांहून अधिक लांबीचा रेल्वेप्रवास सलग दाखवला तेव्हा त्यालाही मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. अशा चित्रणांत मार्ग दिसतो, पण त्या मार्गाची चालकाला असलेली ओळख दिसत नाही, आणि गाडी प्रत्यक्षात चालते ती या ओळखीवर.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोरघाटाचे बांधकाम १८५६ मध्ये हाती घेतले आणि १८६३ मध्ये हा मार्ग खुला झाला. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांचे त्याच्या आदल्याच वर्षी निधन झाले होते, आणि काम चालू असताना हजारो मजुरांनी अपघातांत व रोगराईत प्राण गमावले होते. या मार्गाचा सर्वांत तीव्र चढ ‘३७ ला १’ असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना गाडी एक मीटर वर चढते. रस्त्यावरच्या वाहनाला हा चढ किरकोळ वाटेल, परंतु पोलादी रुळावर पोलादी चाक फिरते तेव्हा घर्षण अत्यल्प असते. ज्या गुणामुळे सपाटीवर रेल्वे कमी शक्तीत प्रचंड भार ओढते, तोच गुण घाटात तिच्या विरोधात जातो. म्हणून चाक घसरू लागले की चालक त्याच्या पुढ्यात रुळावर नळीतून वाळू सोडतो, आणि पहिल्या पावसाने रूळ नुसतेच ओले झालेले असतात तेव्हा तर या मूठभर वाळूवर बरेच काही अवलंबून असते.

गाडी चढवण्यासाठी कर्जतला तिच्या मागे ‘बँकर’ जोडले जातात. बँकर म्हणजे गाडीला मागून रेटा देणारी जादा इंजिने. सगळी ओढ पुढच्याच इंजिनांवर टाकली तर पहिल्या डब्यांच्या जोडणीवर असह्य ताण येतो आणि ती तुटल्यास मागचे डबे उतारावर धावत सुटतात, हे दोन्ही धोके मागच्या रेट्यामुळे टळतात. गाडीच्या शेवटच्या डब्याला चिकटून असलेल्या बँकरच्या चालकाची स्थिती या संदर्भात विशेष लक्षणीय आहे, कारण त्याच्या काचेसमोर त्या डब्याची मागची भिंत असते आणि पुढचा सिग्नल, बोगद्याचे तोंड किंवा दरीवरचा पूल यांपैकी काहीही त्याला समोरून दिसत नाही. पुढच्या चालकाची शिटी, वॉकी-टॉकीवरचा त्याचा आवाज, यंत्रावर वाढणाऱ्या-घटणाऱ्या भाराचे काटे आणि बाजूने सरकणारा ओळखीचा कातळ एवढ्यांच्या आधारावर तो कोठे किती जोर द्यायचा हे ठरवतो; म्हणजेच घाटात गाडी हाकण्यासाठी घाट डोळ्यांपुढे असण्यापेक्षा तो ठाऊक असणे अधिक महत्त्वाचे आहे, याचा हा चालता पुरावा आहे.

चढणाऱ्या गाडीची शक्ती पणाला लागते, तर उतरणाऱ्या गाडीचा संयम, आणि या दोहोंत उतरणे अधिक कठीण मानले जाते. उतारावर वेग एका मर्यादेपलीकडे गेला तर ब्रेक लावूनही तो आवरत नाही, म्हणून चालक वेग वाढण्याची वाट न पाहता तो वाढणार हे जाणून आधीच ब्रेक लावतो. विजेच्या इंजिनांत यासाठी पुनर्जनन ब्रेकची सोय असते, ज्यात मोटारी जनित्रासारख्या फिरून गाडीला रोखतात आणि निर्माण झालेली वीज तारेत परत जाते. पूर्वी या घाटात चालणाऱ्या, चालकवर्गात ‘खेकडा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालगाडीच्या इंजिनांतही ही सोय होती. त्याखेरीज घाटात कॅच सायडिंग्ज बांधलेली आहेत. कॅच सायडिंग म्हणजे मुख्य मार्गातून फुटून डोंगराच्या अंगाला चढत जाणारा, अखेरीस बंद होणारा फाटा, ज्यावर बेफाम झालेली गाडी चढून आपोआप थांबावी अशी योजना असते. येथील सांध्याची, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या योजनेची, नेहमीची दिशा मुख्य मार्गाकडे नसून या फाट्याकडे असते, आणि गाडी पूर्ण ताब्यात असल्याचे चालकाने दाखवून दिल्यावरच तिला मुख्य मार्ग मिळतो.

घाट उतरून गाडी कल्याणच्या पुढे दाट उपनगरी वाहतुकीत शिरते तेव्हा धोक्याचे स्वरूप बदलते. येथे काही मिनिटांच्या अंतराने एकामागून एक लोकल धावतात आणि त्यांच्यातले अंतर स्वयंचलित सिग्नल राखतात: हिरवा म्हणजे मार्ग मोकळा, दोन पिवळे म्हणजे पुढचा सिग्नल सावधगिरीचा, एक पिवळा म्हणजे पुढच्या लाल सिग्नलशी थांबण्याची तयारी, आणि लाल म्हणजे थांबा. भरधाव गाडी ब्रेक लावल्यानंतरही बरेच अंतर घेते, त्यामुळे लाल दिवा दिसल्यावर थांबू पाहणारा चालक बहुधा उशीरच करतो. तो थांबतो ते आधीच्या पिवळ्या दिव्यांवर विश्वास ठेवून. रूळ ओलांडणारा माणूस या हिशेबात कोठेच बसत नाही, कारण त्याच्या आधी कोणताही पिवळा दिवा लागत नाही. मोटरमनला, म्हणजे लोकलच्या चालकाला, तो पूर्ण दिसत असतो, शिटी आणि ब्रेक दोन्ही हाताशी असतात, आणि तरीही गाडी वेळेत थांबत नाही. चालकाच्या जागेवरून दिसणाऱ्या दृश्यांतले हे सर्वांत जड दृश्य आहे, आणि ते टाळणे चालकाच्या नव्हे तर रूळ ओलांडू पाहणाऱ्याच्या हाती आहे.

ही सगळी ओळख योगायोगावर सोडलेली नसते. कोणत्याही मार्गावर गाडी चालवण्यापूर्वी चालकाला त्या मार्गाचे सिग्नल, चढउतार आणि स्थानिक परिस्थिती शिकून घ्यावी लागते, ज्याला रेल्वेत ‘लर्निंग रोड’ म्हणतात, आणि मार्गाची माहिती झाल्याचे सहीनिशी लिहून द्यावे लागते. तीन महिन्यांहून अधिक काळ त्या मार्गावर काम न केल्यास ही ओळख ताजी करून घेण्याचा नियम आहे. चालकाच्या कक्षात शिरल्यावरही ही शिस्त सुटत नाही. सिग्नल दिसताच लोको पायलट, म्हणजे मुख्य चालक, आणि सहायक लोको पायलट दोघेही त्याचा रंग मोठ्याने उच्चारून एकमेकांकडून पक्का करून घेतात, आणि चालकाने ठराविक काळ कोणतीच हालचाल केली नाही तर दक्षता यंत्रणा आधी इशारा देते व प्रतिसाद न मिळाल्यास गाडी थांबवते. लोकलमध्ये तर मोटरमनला नियंत्रकाची मूठ सतत दाबून धरावी लागते, कारण हात सुटला की ब्रेक लागतो.

केळदच्या माथ्यावरून उतरणारा वाटाड्या धुक्यात चार पावलांपलीकडचे दिसत नसतानाही थबकत नाही, कारण पुढची कड, निसरडा दगड आणि पाण्याची जागा त्याच्या स्मरणात असते. मात्र पावसाने वाट बदलली असेल या शक्यतेने तो प्रत्येक पाऊल चाचपून टाकतो. बोरघाटात पावसाळ्यात दरड येण्याची भीती असते तेव्हा चालकही असेच करतो: पाठ असलेल्या मार्गावर सावधगिरीचा लेखी आदेश घेऊन, वेग उतरवून, गस्तवाल्याच्या दिव्याकडे लक्ष ठेवून तो पुढे जातो. मार्ग पूर्ण ओळखणे आणि त्या ओळखीवर कधीही पूर्ण विसंबून न राहणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी नांदाव्या लागतात, आणि डब्यात झोपलेल्या शेकडो प्रवाशांची झोप त्यामुळेच लोणावळ्यापासून कर्जतपर्यंत मोडत नाही.