नागपुरी गेट आणि घरचा कुर्ता

अमरावतीच्या जुन्या परकोटाचे नागपुरी गेट ओलांडून आम्ही दोघे रात्री वलीम्याला निघालो की अंगावर बेगमने घरी शिवलेलेच कपडे असतात. कापड इतवारा बाजारातले. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, हे आम्ही वर्गात शिकवतो. दुकानात मात्र मीटरमागे दहा रुपयांसाठी घासाघीस!

यंदा बेगमला मशीनच्या सुईत दोरा ओवता येईना. ‘टेलरकडे देऊ,’ म्हटले तर रुसली. मग दोरा आम्ही ओवला, शिलाई तिची. डावी बाही अर्धा इंच आखूड झाली.

गेटाजवळ एका विद्यार्थ्याने सलाम करून विचारले, ‘सर, कुर्ता कुठून घेतला?’

बेगमची नजर बाहीवर. आम्ही डावा हात खिशात घातला. ‘घरचा आहे,’ म्हणालो.